शुक्रवारचे अमीनसाहेब

शुक्रवारी अमीनसाहेबांकडे फिर्याद घेऊन जायचं नसतं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या दिवशी चौकीमागच्या आपल्या क्वार्टरच्या अंगणात ते पाटावर उघड्या अंगानं बसलेले असत. टाळूवर वाटीभर तिळाचं तेल थापलेलं, ते कानामागून ओघळून मानेवर आलेलं आणि डोळे मिटलेले. फाटकाशी कोणी खाकरलंच तर डोळे न उघडता विचारत, "खून हाय का चोरी?" चोरी असली तर म्हणत, "मग उद्या या. माल गेला त्यो गेलाच, माझं तेल कशाला वाया घालवता?" खून असला तर मात्र तसेच उठत आणि तेलकट डोक्यावर टोपी चढवून निघत. त्यांच्या टोपीला कायम तेलाचा वास यायचा.

निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. कचेऱ्या, शाळा सगळं शुक्रवारी बंद. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला आणि सुट्टी रविवारी आली. साऱ्या शहरानं ती निमूटपणे स्वीकारली, आणि दोन-चार वर्षांत शुक्रवारी कधी सुट्टी होती हेही लोक विसरून गेले. अमीनसाहेब तेवढे विसरले नाहीत. बरं, नमाजाचाही प्रश्न नव्हता. माणूस गंगापूरकडचा शेतकरी मराठा, देवघरात खंडोबाचा टाक. पण निजामाच्या पोलिसात उमेदीची सगळी वर्षं गेलेली. "ह्या टाळक्याला शुक्रवारी तेल प्यायची सवय हाय," ते म्हणत. "सरकारनं हुकूम कागदाला केला. टाळक्याला कुठं केला?" रविवारी सगळी चौकी ओस पडली की हे एकटे टेबलाशी बसून काम करायचे. वरून खुलासा मागवला गेला तेव्हा त्यांनी तोंडीच सांगितलं, की आठवड्यातून एक दिवस सुट्टी हा कायदा आहे, तो कोणता हा आपल्या आणि आपल्या बायकोच्या मधला मामला आहे.

अमीन हे नावही जुन्याच राज्यातलं. तेव्हा फौजदाराला अमीन म्हणत. नवीन पाटीवर नवा हुद्दा आला, पण यांना कोणी फौजदारसाहेब म्हटलं की ते मागं वळून बघत, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

या सगळ्या हट्टाचं मला तेव्हा हसू यायचं. शिकलेली होते, नुकती शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते, आणि जुन्या राज्याचं काहीही दिसलं की नाक मुरडायची तेव्हा फॅशनच होती. याच हट्टामुळं पुढं आमच्या घरावरचा डाग धुतला जाणार आहे, हे मला कुठं माहीत?

तो डाग काय होता ते सांगायला हवं. माझे वडील, विनायकराव, एका सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीच्या लोखंडी पेटीची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि ती ते जानव्याला बांधत. आंघोळीच्या वेळी सुद्धा ती त्यांच्या छातीवर लटकलेली मला आठवते. पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो उन्हाळा आणि पावसाळा आमच्या शहरानं जीव मुठीत धरून काढला. रझाकार आज येतील की उद्या, याच गोष्टी. आमच्या गल्लीच्या देवीचा चांदीचा मुखवटा आणि दागिने ठेवायचे कुठं, असा प्रश्न पंचांपुढं आला. तेव्हा गुत्तेदारांनी डोकं लढवलं. सरकारी बांधकामं घेणाऱ्याला आमच्याकडे गुत्तेदार म्हणतात. हे आमच्या गल्लीतले पंच, वजनदार माणूस. ते म्हणाले, "लुटतील तर गल्ली लुटतील, निजामाची कचेरी कोण लुटतो? विनायकरावांच्या पेटीत ठेवा." सगळ्यांना पटलं. दागिने पेटीत गेले.

श्रावणातल्या एका सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवण करून वडील कचेरीकडे गेले ते परत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पेटी बघितली तर कुलूप लावलेलं. लोहार बोलावून कोयंडा तोडला. आत कचेरीचे कागद जागच्या जागी होते, देवीचं काहीही नव्हतं. झालं! विनायकराव देवीला लुटून पळाले, असं गल्लीनं ठरवून टाकलं. नंतर ते कोणाला इंदूरला दिसले, कोणाला पुण्याला. एकानं तर त्यांची दुसरी बायकोही पाहिली होती, गोरी होती म्हणे. अशी थापेबाज माणसं अजूनही भेटतात तेव्हा मला राग आवरत नाही.

आमच्या गल्लीत नवरात्रात प्रत्येक घरातून देवीच्या समईला तेल जायचं. त्या वर्षापासून आमच्या घरचं तेल बंद झालं. आई मात्र दर वर्षी तेलाचा गडू घेऊन जायची. पुजारी मान फिरवायचा, बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या, आणि आई थोडा वेळ उभी राहून भरला गडू घेऊन परत यायची. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नसे. ती आपली रोज सकाळी आरशापुढं बसून ठसठशीत कुंकू लावायची. काही वर्षांनी गुत्तेदारांनी स्वखर्चानं देवीला नवा चांदीचा मुखवटा केला, तेव्हा गल्लीनं त्यांची मिरवणूक काढली. ती आमच्या दारावरून गेली. आईनं दार बंद केलं नाही.

चौकशी दोनदा झाली होती. पहिली त्याच दिवसांतली. तिचे कागद पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत नाहीसे झाले. दुसरी दोन-तीन वर्षांनी, दक्षिणेकडून आलेल्या एका साहेबानं केली. माणूस सचोटीचा, पण त्याला ना मराठी येई, ना उर्दू. गुत्तेदारांचं कचेरीत फार येणं-जाणं होतं म्हणून त्यानं त्यांनाही विचारलं, तुम्ही त्या दिवशी कुठं होता? ते म्हणाले, लासूर स्टेशनच्या बाजारात. साहेबानं लासूरला जाऊन व्यापाऱ्यांकडे खातरजमा केली. सगळ्यांनी सांगितलं, होते, आमच्यासोबत चहा प्याले. गुत्तेदार सुटले, आणि वडील पळाले असा शेरा मारून ते प्रकरण बंद झालं. आईला कोणी काही विचारलंच नाही. घरातला पुरुष म्हणून काकांची जबानी घेतली होती, तेवढी पुरे झाली.

तरी आई दर वर्षी दसरा झाला की चौकीत जायची. कोण फौजदार आहे, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. "माझ्या माणसाचा शोध लावा," एवढं बोलायची आणि यायची. त्या वर्षी मीही सोबत गेले, म्हणजे तिला थांबवायलाच गेले होते. चौकीतल्या शिपायानं सांगितलं, अमीनसाहेब यंदाच बदलून आलेत, पण आज शुक्रवार आहे, जाऊ नका. आई गेलीच. अंगणात हा तेलानं माखलेला माणूस बसलेला. डोळे मिटलेलेच.

"खून हाय का चोरी?"

आई म्हणाली, "तेच तर तुम्ही सांगायचंय."

अमीनसाहेबांनी डोळे उघडले. आईकडे बघितलं, तिच्या कुंकवाकडे बघितलं, आणि आत ओरडून बायकोला सांगितलं, "पाणी काढ गं, डोकं धुतो." शुक्रवारी चोरीच्या फिर्यादीसाठी ते पाटावरून उठल्याचं त्या शिपायानं तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. तो आम्हाला नंतर कितीतरी दिवस सलाम करायचा.

दोन दिवसांनी, म्हणजे रविवारी, ते घरी आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून फरशीवर बसले. त्यांची तपासाची एक रीत होती, ती मला पुढं कळली. ते कोणालाही 'त्या दिवशी काय घडलं' असं विचारायचे नाहीत. विचारायचे, त्या दिवशी काय रांधलं होतं? "काय घडलं म्हणून इचारलं की माणूस चार लोकांत सांगितलेलंच पुन्ना सांगतो. चुलीचं कोण इचारत नाय, म्हणून चूल अजून खरं बोलती."

"बाई," त्यांनी आईला विचारलं, "मालक जेवून गेले म्हणता. जेवायला काय होतं?"

"पुरण होतं."

"पुरण? सणवार होता का काही?"

"सण नाही हो. जिवती होती. श्रावणातला शुक्रवार. लेकराला पुरणाच्या दिव्यांनी ओवाळायचं असतं ना? ही कुसुम तेव्हा लहान होती. हिला ओवाळलं, हे बघत उभे होते. म्हणाले, एक दिवा मला खायला ठेव, येऊन खातो."

मला ते दिवे आठवले. पुरणाचे, मध्ये तुपाची वात. वडिलांसाठी ठेवलेला दिवा दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी खाल्ला होता, हेही आठवलं. इतक्या वर्षांत मी आईसमोर कधी रडले नव्हते, तेव्हा रडले.

अमीनसाहेब मात्र बोटांवर काहीतरी मोजत होते. मग हळूच म्हणाले, "बाई, शुक्रवार म्हणता. जबानीत तर सुट्टीचा दिवस म्हणून हाय."

"सुट्टीचाच होता. म्हणून तर दुपारी घरी होते. तेव्हा सुट्टी शुक्रवारीच असायची ना?"

त्यांनी फाडकन आपल्या कपाळावर हात मारून घेतला. "लई मोठा गाढव हाय मी! दर शुक्रवारी तेल लावून बसतो, आन् मलाच हे सुचलं नाय!"

मग त्यांनी ते आम्हाला उलगडून सांगितलं. काकांनी जबानीत सांगितलं होतं, सुट्टीच्या दिवशी दुपारी गेले. तोवर सुट्टी रविवारी आली होती. दक्षिणेकडच्या साहेबाला हे शुक्रवारचं प्रकरण माहीत असण्याचं कारणच नव्हतं. त्यानं धरला रविवार. लासूरचा बाजारही रविवारचा. त्या रविवारी गुत्तेदार खरंच बाजारात होते. व्यापारी खरं बोलले, काका खरं बोलले, साहेबानं खरं तेच लिहिलं. "सगळेच खरं बोलले, बाई. फक्त दिवस दुसरा. गुत्तेदाराच्या ध्यानात आलं असणार. त्यानं एकच हुशारी केली, गप बसला."

दुसऱ्या दिवशी ते गुत्तेदारांकडे गेले. एव्हाना गुत्तेदारांच्या डोक्यावर खादीची टोपी आली होती, दारात मोटार होती. त्या शुक्रवारी कुठं होता, असं विचारल्यावर ते हसले. म्हणाले, "बारा वर्षांपूर्वीचा शुक्रवार कोणाला आठवतो, अमीन?"

"रविवार तर चांगला ध्यानात होता तुमच्या," अमीनसाहेब म्हणाले आणि चहा न घेता उठले. ही हकीकत गुत्तेदारांच्याच गड्यानं गल्लीभर केली, म्हणून मला माहीत.

पण शुक्रवार हाती आला म्हणजे सगळं आलं नाही. अमीनसाहेबांनी आता गल्लीतल्या बायकांना गाठलं. आमच्याकडे पाऊल न टाकणाऱ्या बायका यांच्याशी मात्र ओट्यावर बसून तासन्‌तास बोलायच्या, कारण हा पोलीस खुनाबिनाचं काही विचारत नव्हता. त्या वर्षी डाळ कशी होती, ज्वारी कुठून आणायचात, असलंच बोलणं. शेजारच्या गंगूमावशी बोलता बोलता म्हणाल्या, "डाळीचं काय इचारता साहेब. कचेरीमागच्या बावडीचं पाणी होतं तवर डाळ कशी लोण्यावानी शिजायची. ती बुजली, आन् तवापासून ह्या मचूळ पाण्यात दिसभर शिजवली तरी कडकच."

"एवढं गोडं पाणी, मग बुजली कशी?"

"बुजली कशानं? गुत्तेदारानं बुजवली. पाणी बाधलं म्हणं, वास येतोय म्हणं. आमाला तर कुणालाबी वास आला नव्हता बया."

"कवा?"

"त्याच श्रावणात की वो. गौरी बसायच्या आधी. मला ठावं हाय ना, त्या वर्षी गौरीच्या पुरणाची डाळ शिजली नव्हती."

आमच्या गल्लीतल्या बायका बारा वर्षं त्या डाळीबद्दल कुरकुरत होत्या. एकाही पुरुषानं कधी विचारलं नाही, की गोड्या पाण्याची विहीर माणूस बुजवतो कशाला? मीही विचारलं नव्हतं. मी तर भूगोल शिकवत होते.

अमीनसाहेब आमच्याकडे पुन्हा आले ते टोपी हातात घेऊन. उंबऱ्याशी बसले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, "बाई, एक इचारायचं हाय. बावडी उकरायचा हुकूम मी आणीन. पण त्यातून जिवंत माणूस निघत नसतो. आज तुमच्या कपाळाला कुंकू हाय. मी खणलं तर ते जाईल. नाय खणलं तर राहील, आन् इल्जाम बी राहील. तुम्ही म्हणाल तसं."

आई चुलीपुढं बसली होती. तिनं वळून बघितलंही नाही. म्हणाली, "चोराची सवाष्ण होण्यापेक्षा सज्जनाची विधवा बरी. खणा."

एवढंच बोलली. भाकरी मात्र करपली त्या दिवशी, आणि ती आम्ही दोघींनी तशीच खाल्ली.

बावडीवर आता गुत्तेदारांचं सिमेंटचं गुदाम उभं होतं. ते हलवायला सांगायचं म्हणजे काय साधी गोष्ट? वरून दडपण आलं. मोठ्या साहेबांनी अमीनसाहेबांना बोलावून विचारलं, एवढा पसारा उकरलात आणि काहीच निघालं नाही तर? "तर बावडी निघंल साहेब," ते म्हणाले. "गल्लीला गोडं पाणी मिळंल. डाळ शिजंल." साहेबालाही हसू आवरलं नाही म्हणतात, आणि हसता हसता त्यानं सही केली. गुत्तेदार चौकीत येऊन ओरडले, "तुम्ही निजामाचे नोकर, आम्हाला शिकवता?" तर हे शांतपणे म्हणाले, "व्हय, होतो निजामाचा नोकर. आन् तुम्ही निजामाचे गुत्तेदार. मी त्याचा पगार खाल्ला, तुम्ही त्याची बावडी खाल्ली."

खणायला मजूर लागले. गल्लीतल्या बायका रोज कामं आटोपून तिथं येऊन उभ्या राहायच्या. आई नाही गेली, मी जायची. दगडमाती निघत गेली, मग चिखल, मग एका सकाळी हाडं निघाली. अमीनसाहेब स्वतः दोरावरून खाली उतरले, त्या वयात. बराच वेळ चिखल चाळत राहिले. वर आले तेव्हा मुठीत काहीतरी होतं. त्यांनी माझ्यापुढं मूठ उघडली. पितळी किल्ली होती. जानवं केव्हाच कुजून गेलं होतं.

पेटीचा कोयंडा लोहारानं तोडला असला तरी कुलूप साबूत होतं, आणि सरकारी कचेरी कधीच काही फेकत नाही. ते अडगळीत सापडलं. पंचांसमोर, सगळ्या गल्लीसमोर अमीनसाहेबांनी किल्ली घातली आणि फिरवली. जरा कुरकुरली, पण फिरली. "बघा," ते मोठ्यानं म्हणाले, "पेटी उघडली, पंचांच्या नावानं मागणाऱ्याला दागिने काढून दिले, पेटीला पुन्हा कुलूप घातलं आन् किल्ली जानव्याला बांधली. देवीला लुटून पळणारा माणूस कुलूप लावत बसतो का? सांगा की कोणी! बारा वर्षं बोलत होता, आता का गप?"

मला अभिमान वाटला, आणि त्याच वेळी त्या सगळ्यांच्या थोबाडात मारावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे.

वडिलांवर अग्निसंस्कार झाले. आईनं कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं, कोणाला पुसू दिलं नाही. ती रडली नाही असं मी म्हणणार नाही. खूप रडली.

खटला चालला आणि गुत्तेदार सुटले. त्या शुक्रवारी ते लासूरला नव्हते एवढं शाबीत झालं, पण बावडीपाशी होते हे सांगणारा कोणी नव्हता. संशयाचा फायदा मिळाला. निकालाच्या दिवशी अमीनसाहेब घरी आले. मी संतापले होते, वाटेल ते बोलत होते. नव्या मुखवट्याची चांदी कुठून आली, हे कोणी का विचारत नाही, असंही बोलले. ते म्हणाले, "चांदी तीच असंल, मास्तरीणबाई. पण वितळलेल्या चांदीला नाव नसतं. शाबीत करता येत नाय, म्हणून ह्ये मी बोललोच नाय." मग आईकडे वळले. "बाई, कोर्टानं त्याला सोडलं. माझा इलाज नाय. पण तुमच्या नवऱ्याला मी सोडवलं."

आईनं त्यांना वाकून नमस्कार केला. हा दांडगा माणूस चार पावलं मागं सरला आणि भिंतीला धडकला.

निकालाबरोबरच त्यांची बदलीही आली, पार विदर्भाच्या टोकाला. निमित्त काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. जायच्या आधी नवरात्र आलं, आणि नवरात्रातला शुक्रवार. आईनं तेलाचा गडू घासून लखलखीत केला. मी म्हटलं, आता कशाला? पंच कबूल झालेत, तेल पाठवून देऊ. "पाठवायचं नाही," ती म्हणाली. "न्यायचं."

देवळाच्या पायरीशी अमीनसाहेब उभे होते. धोतर, सदरा, आणि डोक्यावर तेच ओघळणारं तेल. "आज माझी सुट्टी हाय," ते म्हणाले. "सरकारी माणूस म्हणून नाय आलो. नुसता उभा हाय."

गाभाऱ्याजवळ पंच बसले होते. मध्ये गुत्तेदार, नेहमीच्याच जागी. मोकळ्या कपाळाची आई समईजवळ गेली तसा पुजारी चाचरला. "वहिनी, तेल आम्ही घेतो... पण समईत सवाष्णीच्या हातानं..."

आईनं आवाज चढवला नाही. "सवाष्ण होते तेव्हा चोराची बायको म्हणून परत पाठवलंत. आता सज्जनाची विधवा आहे, तर हेही चालत नाही. एकदा सांगून टाका ना, तुमच्या देवीला नक्की कोण चालतं?" आणि मग तिनं पहिल्यांदाच गुत्तेदारांकडे सरळ बघितलं. "ते चालतात?"

गंगूमावशी उठल्या, त्यांनी समईपुढची गर्दी हातानं बाजूला केली आणि म्हणाल्या, "घाल गं माय. कोण अडवतंय बघू दे मला." आईनं समई भरली, काठोकाठ. वाती मोठ्या झाल्या. गुत्तेदार उठून बाहेर गेले, आणि पायरीशी त्यांना या तेलकट माणसाला वळसा घालून जावं लागलं, कारण तो बाजूला झाला नाही.

अमीनसाहेब गेले. नव्या ठिकाणी शुक्रवारी हजर व्हा म्हणून हुकूम होता. "शनिवारी होईन," असं सांगूनच ते स्टेशनावर निघाले. आईनं त्यांना तिळाच्या तेलाची बाटली दिली. गाडी हलताना खिडकीतून त्यांनी ती उंच करून दाखवली. नंतर ते तिकडेच पेन्शनीत गेले आणि तिकडेच वारले. बातमी आम्हाला फार उशिरा कळली. तेव्हा आईनं आमच्या घरी सुतक पाळलं. नात्याचे ना गोत्याचे, पण तिला विचारायची कोणाची छाती होती?

आई होती तोवर आमच्या घरची सुट्टी शुक्रवारी होती. शुक्रवारी तेल, शुक्रवारी न्हाणं. मी पुढं हेडमास्तरीण झाले तरी शुक्रवारी तेल चोपडलेल्या डोक्यानंच शाळेत जायची, आणि पोरी मागं मला तेलकटबाई म्हणायच्या. म्हणू देत. आता तर मीच आईच्या वयाची झाले. गुदाम पडलं ते पुन्हा बांधू दिलं नाही. बावडी आहे, पाणी अजून गोडं आहे. शुक्रवारी मी अंगणात पाट टाकून बसते आणि फाटकाशी कोणी खाकरलं की डोळे न उघडता विचारते, "खून आहे का चोरी?"

नातवंडं हसतात. मी नाही हसत. एकदा या प्रश्नाला माझ्या आईनं उत्तर दिलं होतं, आणि एक माणूस पाटावरून उठला होता.